तेलाचा पहिला हात

काल संध्याकाळी गिटारच्या दांडीला तेलाचा पहिला हात दिला. दुसरा आज संध्याकाळी द्यायचा. मधले चोवीस तास तिला शिवायचं नाही, आणि मला तेच जड जातंय. गच्चीवरच्या खोलीत छताच्या हुकाला दोरी बांधून ती टांगून ठेवली आहे. तारा काढलेल्या, पोटाला वर्तमानपत्र गुंडाळलेलं, कडेने चिकटपट्टी. उघडी आहे ती फक्त दांडी. सकाळपासून चारदा वर जाऊन आले. बोट लावलं नाही, नुसतं नाक जवळ नेलं. खोलीभर जवसाच्या तेलाचा वास आहे. भाऊ लहानपणी नवी बॅट आणली की तिला हेच तेल पाजायचा आणि आठ दिवस कुणाला हात लावू द्यायचा नाही. तेव्हा मला त्याचा फार राग यायचा. आज त्याला फोन करून सांगितलं, की तुझं बरोबर होतं.

आमच्याकडे रंगाच्या किंवा पॉलिशच्या एका थराला 'हात' म्हणतात. भिंतीला दोन हात मारले, दाराला तीन हात लागतील. किती वेळा ऐकलेला शब्द. पण ज्या लाकडावर माझा अंगठा सोळा वर्षं रोज तासभर फिरलाय, त्याला कसला हात द्यायचा हे ठरवायला मला अडीच महिने लागले.

गिटारवाले दांडीला नेक म्हणतात. मीही तेच म्हणायचे. दांडी हा शब्द आमच्या गावच्या सुतारमामांनी दिला, त्याकडे येतेच.

गिटार २००९ सालची. नोकरीच्या पहिल्या काही पगारांतून पैसे बाजूला टाकून पुण्यातून आणली. स्टीलच्या तारांची, महोगनीच्या दांडीची, वर शिसवीच्या जातीच्या लाकडाची पट्टी आणि तिच्यात आडवे ठोकलेले धातूचे फ्रेट, म्हणजे सतारीला असतात तसे पडदे. दुकानात मला तिच्यातलं सगळ्यात आवडलं काय, तर दांडीची चकाकी. ट्यूबलाइट तिच्यात सरळ रेघेसारखी दिसत होती. मी तिचा आवाज नीट ऐकायच्या आधी तिच्यात तोंड पाहिलं होतं. लातूरला आणली आणि पहिल्याच मे महिन्यात कळलं, की ही चकाकी हाताला सोसत नाही. तळहाताला घाम आला की अंगठा दांडीला चिकटायचा. खालच्या सुरांवरून वरच्या सुरांकडे जाताना हात सरकायच्या ऐवजी अडखळायचा. कुर्त्याच्या टोकाने दांडी पुसायची, दोन ओळी वाजवायच्या, पुन्हा पुसायची. वाटायचं, माझ्याच हाताला घाम जास्त येतो. कितीतरी वर्षं मी हा दोष माझ्या हाताचा समजत होते.

मग २०१६ चा उन्हाळा आला.

त्या उन्हाळ्याबद्दल लातूरकराला वेगळं सांगावं लागत नाही. मांजरा धरण आटलं होतं. एप्रिलच्या १२ तारखेला मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला पोचली, पहिल्या खेपेला दहा वाघिणींत सुमारे पाच लाख लिटर पाणी घेऊन. नंतर रोज येत राहिली. आमच्या घरात त्या काळात भांडी विसळलेलं पाणी झाडांना आणि झाडांचं उरलेलं फरशीला, असा हिशेब होता. अशा दिवसांत कूलरमध्ये पाणी ओतायचा विचार कुणाच्या मनात येणार? कूलर खिडकीत कोरडा उभा राहिला, त्यातलं वाळ्याचं गवत कुरकुरीत झालं.

मे महिन्यात एका रात्री वाजवताना डावा हात खाली सरकला आणि तळव्याच्या कडेला बारीक रेघ उमटली, रक्ताची. फ्रेटची टोकं बाहेर आली होती. बोट फिरवलं तर दोन्ही कडांना करवतीसारखं लागत होतं. मला वाटलं, फ्रेट निसटायला लागले.

फ्रेट जागेवरच होते, लाकूड आत गेलं होतं. लाकडाच्या रेषा ज्या दिशेने धावतात त्या दिशेने ते फारसं लांबत-आखडत नाही, पण आडवं मात्र हवेसोबत सतत हलतं. दमट हवेत फुगतं, कोरड्या हवेत आटतं. धातूचा फ्रेट तेवढाच राहतो, खालची पट्टी केसभर अरुंद होते, आणि टोकं उघडी पडतात. गिटार बनवणारे सांगतात, की वाद्याच्या खोलीत आर्द्रता पंचेचाळीस ते पंचावन्न टक्के असावी. आमच्याकडे मे महिन्यात दुपारी ती वीस-पंचवीसवर येते. इतर वर्षी कूलर चालायचा, त्या गारव्यात गिटारही निभावून जायची. त्या वर्षी घरातल्या माणसांसारखीच तीही तहानली. हे मी उपमा म्हणून लिहीत नाही. तिच्या लाकडातलं पाणी खरोखर उडून गेलं होतं.

पट्टी आटली तशी दांडीवरची ती चकाकी पट्टीच्या कडेने तडकली. कारण ती चकाकी म्हणजे प्लास्टिकचं कवच होतं. लाकूड हललं, कवचाला हलता येईना. पुढे पुण्यात फ्रेटची टोकं कानसून घेतली, पावसाळ्यात लाकूड भरलं, पण ती चीर तशीच राहिली. दोन-तीन वर्षांत चिरेपासून एक टवका उडाला, नेमका अंगठा टेकतो तिथे. टवक्याची धार अंगठ्याला लागायची. मी त्यावर नेलपेंट लावलं, ते गेलं. एक हजार नंबरचा पॉलिश पेपर घेऊन सगळी दांडी घासून मंद केली, तेव्हा वाटलं की प्रश्न सुटला. महिनाभर हात छान सरकला. मग अंगठ्याच्याच घासण्याने ती पुन्हा चकाकायला लागली. मंद दिसणारं कवचही कवचच असतं.

या जानेवारीत संक्रांतीला गावी गेले तेव्हा गिटार सोबत नेली. आमचं गाव औसा तालुक्यात. सुतारमामा आता सत्तरीच्या पुढे आहेत. पूर्वी औतं, तिफणी, बैलगाडीची चाकं करायचे. आता गावात ट्रॅक्टर आहेत, मामा दारं-खिडक्या दुरुस्त करतात आणि कुणी मागितलाच तर खुरप्याचा, कुऱ्हाडीचा दांडा बसवून देतात. त्यांनी गिटार उलटी धरली, अंगठ्याने टवक्याची कड चाचपली आणि विचारलं,

"ही दांडी दाखवायला हाय का धरायला?"

"धरायला, मामा."

"मग हिला असलं कातडं कशाला? कुऱ्हाडीच्या दांड्याला कुनी रंग देतंय का माय? रंग दिला तर हाताला फोड येत्यात. नवा दांडा इकत आणला तरी आमी आधी त्याचा रंग खरडून टाकताव."

मी गणित शिकवते. एखाद्या मुलाने फळ्यावर माझ्यापेक्षा छोटी रीत दाखवली की जो आनंद होतो, तो मला तेव्हा झाला. इतकी वर्षं मी जे कवच दुरुस्त करत होते ते काढून टाकता येतं, हे मला सुचलंच नव्हतं.

आधी कवच कशाचं आहे ते पाहिलं. रीत सोपी आहे. कापसाच्या बोळ्यावर स्पिरिट घेऊन कडेला लावायचं, चिकट झालं तर ती लाखेची पॉलिश. नाही झालं तर थिनर लावायचा, त्याने विरघळलं तर ते नायट्रोसेल्युलोज लॅकर, ज्याला हार्डवेअरच्या दुकानात एनसी म्हणतात. मूकपटांच्या काळातली रिळं याच नायट्रोसेल्युलोजची असत. जुन्या अमेरिकन गिटारींवरही हेच असायचं. फेंडर कंपनीच्या १९५० च्या दशकातल्या मेपलच्या दांड्यांवर त्याचा पातळ थर असे, वाजवून वाजवून तो झिजे आणि आतलं लाकूड उघडं पडे. त्या झिजलेल्या दांड्यांसाठी लोक आज वेडे होतात. १९६० च्या दशकाच्या अखेरीला कंपनीने पॉलिएस्टर धरलं, ते जाड, टणक, न झिजणारं. माझ्या दांडीवर ना स्पिरिटचा परिणाम झाला, ना थिनरचा. म्हणजे पॉलिएस्टर किंवा पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन. हे दोन्ही एकदा जमले की विरघळत नाहीत, खरडावेच लागतात.

मामांनी खिडकीची फुटकी काच घेतली, तिचा हवा तसा तुकडा पाडला आणि त्याच्या ताज्या धारेने खरडायला सुरुवात केली. काचेच्या धारेइतकं गुळगुळीत खरडणारं हत्यार दुकानात मिळत नाही असं ते म्हणाले, आणि मी पाहिलं, खरंच मिळत नसेल. धार बोथटली की नवा तुकडा. पांढुरक्या पापुद्र्यांची रास पडली. तोंडाला फडकं बांधून दोन दुपारी आम्ही हे केलं. गिटारच्या पोटाकडचा जोड सरसाने चिकटवलेला असतो, म्हणून गरम हवेचा पंखा वापरायचा नाही एवढं मी सांगितलं, बाकी सगळं त्यांनी. मग पॉलिश पेपर, आधी १२०, मग २२०, मग ३२०. मग एक गोष्ट त्यांनी केली ती मला ठाऊक नव्हती. ओल्या फडक्याने सगळी दांडी पुसली आणि वाळू दिली. वाळल्यावर हात फिरवला तर खरखरीत! पाण्याने लाकडाचे दबलेले रोम उभे राहिले होते. ते पुन्हा ४०० ने अलगद कापले. "आता घाम आला तरी उठनार न्हाईत," ते म्हणाले, "उठायचं ते उठलं."

कोरी महोगनी मी पहिल्यांदाच हातात धरली. वाळलेल्या विटेचा रंग, बारीक बारीक छिद्रं, आणि स्पर्श असा की तळहाताला क्षणभर काही धरल्यासारखं वाटलंच नाही. तशीच ठेवावी असा मोह झाला. ठेवणारे आहेतही. रॉक गिटारवादक एडी व्हॅन हेलन आपल्या गिटारची मेपलची दांडी कोरीच ठेवायचा. व्हायोलिनच्या बाबतीत तर ही जुनीच रीत आहे. सगळ्या अंगाला व्हार्निश, पण दांडीचा जो भाग हातात येतो तो व्हार्निशशिवाय, फार तर तेल मुरवलेला. हे वाचलं तेव्हा मला मामांच्या कुऱ्हाडीच्या दांड्याची आठवण झाली. इटलीतले कारागीर आणि औसा तालुक्यातला सुतार यांनी एकमेकांना काही विचारलेलं नाही. दोघांनी हाताला विचारलं.

पण अगदी कोरं लाकूड घाम आणि मळ पितं, काळपट डाग धरतं. काहीतरी द्यायला हवं होतं. मामांनी सागाचे पाच तुकडे गिटारच्या दांडीसारखे गोल करून दिले, आणि ते घेऊन मी लातूरला आले.

एका तुकड्याला पीयू. ते कसं लागतं हे ठाऊक होतंच, तरी न्याय म्हणून लावलं. एकाला घरातलं शेंगदाण्याचं तेल, कारण आजी पाट्याला, दाराच्या कडीला, सगळ्याला तेच लावायची. पंधरा दिवसांनी तो तुकडा तसाच ओशट होता आणि खवट वास मारायला लागला होता. शेंगदाण्याचं तेल वाळतच नाही, तेल म्हणूनच राहतं. तिसऱ्याला करडईचं. करडई आमच्या भागाचं पीक, काट्यांनी पाय फोडून घेत आम्ही त्या रानातून शाळेत जायचो, म्हणून माझा ओढा तिच्याकडे होता. ती अर्धीमुर्धी वाळली, पण अंगठ्याखाली चिकटसर लागत राहिली.

चौथ्याला जवस, आणि त्यात माझी एक चूक झाली. मी लाकडी घाण्यावरचं ताजं खायचं तेल आणलं. शुद्ध म्हणजे चांगलं, असं मनात. आठ दिवसांनीही बोटाला लागत होतं. मग रंगाच्या दुकानातून डबल बॉइल्ड लिनसीड आणून पाचव्या तुकड्याला लावलं, ते रात्रीतून वाळलं. त्यात नुसतं उकळणं नसतं. तेल लवकर वाळावं म्हणून धातूंचे क्षार घातलेले असतात, म्हणून ते चुकूनही पोटात जाऊ द्यायचं नाही.

इथे मला थोडं थांबायचंय, कारण हे कळलं तेव्हा मी स्वयंपाकघरात उभी होते आणि हातात जवसाच्या चटणीची बरणी होती. जवसाचं तेल वाळतं म्हणजे त्यातलं पाणी उडत नाही. पाणी त्यात नसतंच. ते हवेतला प्राणवायू घेतं आणि त्याचे रेणू एकमेकांना धरून घट्ट होतात. त्यातलं निम्म्याहून जास्त असलेलं जे आम्ल हे काम करतं, ते लिनोलेनिक. डॉक्टर ज्या ओमेगा-३ साठी जवसाची चटणी खा म्हणतात, तेच हे. भाकरीवर घेतो तोही गुण तोच आणि दांडीवर जमतो तोही तोच. रब्बीत जवसाचं रान निळ्या फुलांनी भरतं, सकाळी उमललेली फुलं दुपारपर्यंत गळतात. आता ही रानं फार कमी दिसतात. सोयाबीनने सगळं व्यापलं.

तो तेल लागलेला पाचवा तुकडा आठवडाभर खिशात घेऊन फिरले. शाळेत तासाच्या मध्ये अंगठा त्यावर फिरवत होते. घाम आला तरी अडकत नव्हता. मला वाटलं, ठरलं.

पण २०१६ मनातून जात नव्हतं. तेल हाताला सुखाचं आहे, पण हवेतली वाफ अडवण्यात ते फार कच्चं आहे. लाकूड त्याच्याखालूनही ओलं-कोरडं होत राहतं. मे महिन्यात ही दांडी पुन्हा आटणार. वाफ अडवण्यात पीयू चांगलं, आणि ज्याची मी अपेक्षाच केली नव्हती ती लाख त्याहून कमी नाही. चपडा लाख. दुकानात कागदाच्या पुडीत मिळतात त्या मधाच्या रंगाच्या पातळ कपच्या, स्पिरिटमध्ये रात्रभर भिजवल्या की पॉलिश तयार. पाण्याचा थेंब पडून राहिला तर पांढरा डाग पडतो, गरम कप ठेवला तर वळ उठतो, म्हणून लोक तिला नाजूक समजतात. पण वाफेपुढे ती पक्की आहे.

लाख म्हणजे एका इवल्याशा किड्याने फांदीवर बांधलेलं घर. पळस, बोर, कुसुम या झाडांचा रस पिऊन तो ते बांधतो. लाखेचं पीक झारखंड-छत्तीसगडकडचं, पण पळस आमच्या माळावरही आहे, आणि मी हे सगळं करत होते त्या फेब्रुवारीत तो पेटल्यासारखा फुलला होता. ज्या झाडाच्या पानांच्या पत्रावळीवर आम्ही जेवलो, त्याच झाडावर वाद्यांची पॉलिशही पिकते. इतकंच कशाला, प्लास्टिकच्या तबकड्या येण्याआधी ग्रामोफोनच्या, मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या तबकड्या लाखेच्याच होत्या. गौहर जान १९०२ मध्ये कोलकात्याला गायल्या तो आवाज जगाने ऐकला तो लाखेवर उमटवलेला. कपची बोटात धरून उजेडाकडे पाहिलं की मला ते आठवतं.

आणि लाख म्हटली की वीणा. सतार, तंबोरा, वीणा यांच्यावर जुन्या कारागिरांचा हात लाखेचाच. आमच्या गावच्या देवळातली वीणा मिरजेची. आमच्या घरच्या आबांच्या तरुणपणी गावाने वर्गणी काढून आणलेली. हनुमान जयंतीला उठणारा सप्ताह गावात अजून होतो. सात दिवस, १६८ तास वीणा जमिनीला टेकवायची नाही. एकाच्या खांद्यावरून दुसऱ्याच्या खांद्यावर. दोन-दोन तासांचे पहारे धरले तर चौऱ्याऐंशी पाळ्या. आबांचा पहारा रात्री दोन ते चार. माझं काम त्यांना चहा नेऊन द्यायचं.

मी नऊ वर्षांची असेन. देवळात समईचा उजेड, दोन म्हातारे टाळ घेऊन डुलक्या देतायत, आबा उभे, वीणा छातीशी. चहा घेण्यासाठी त्यांनी वीणा डाव्या हातात तोलली आणि मी नकळत दांडी धरली, त्यांच्या हाताच्या जरा वर. ती जागा मला आजही तळहातात जाणवते. बाकी सगळ्या दांडीवर लाखेची तांबूस चमक होती, पण तेवढ्या वीतभर भागात काहीच नव्हतं. पॉलिश कधीचीच झिजून गेली होती. उघडं, काळसर, कोमट लाकूड, आणि इतकं मऊ की लोणी लावलंय असं वाटावं. कितीतरी वर्षांच्या किती माणसांच्या तळव्यांनी तो हात दिला होता.

मागून कुणीतरी म्हणालं, पोरींनी वीणेला हात लावू नये. मी हात काढला. आबा काही बोलले नाहीत. चहा संपवून त्यांनी पुन्हा तार छेडली. ते का बोलले नाहीत हे मी त्यांना कधी विचारलं नाही, आणि आता ते नाहीत. गिटार घ्यावी असं मला पुढे का वाटलं, याचं कारण मी लोकांना वेगवेगळं सांगत आले आहे. खरं कारण हे असावं, की मला एक अशी दांडी हवी होती जी सोडायला कुणी सांगणार नाही.

असो. सागाचे तुकडे टेबलावर मांडून मी त्या वीतभर जागेचा विचार करत बसले, तेव्हा उत्तर तिथेच होतं. वीणेवर लाख होती तिथे हात नव्हता, आणि हात होता तिथे लाख टिकली नव्हती. मग माझ्या दांडीला एकच काहीतरी का द्यावं? जिथे अंगठा फिरतो त्या पाठीला तेल, आणि जिथे हात जात नाही तिथे लाख. टोकाचा भाग, जिथे तारांच्या खुंट्या आहेत, दांडीची बूड आणि फ्रेटपट्टीच्या उघड्या कडा. यात गणितही आहे. लाकूड सगळ्यात वेगाने पाणी गमावतं ते कापलेल्या टोकांतून, जिथे त्याच्या नळ्या उघड्या पडतात. सपाट बाजूपेक्षा तिथून कितीतरी पट वेगाने. टोकं लाखेने बंद केली तर तेलाच्या पाठीचं ओझं थोडं कमी होतं. फ्रेटपट्टीच्या तोंडाला काही नाही, ते शिसवीचं लाकूड मुळातच तेलकट.

लाख गेल्या आठवड्यात दिली. सुती कापडात कापसाचा बोळा बांधून, चार थेंब घेऊन, न थांबता. थांबलं की चिकटतं, म्हणून हात हलता ठेवायचा. खुंट्यांच्या भोवती दमले, पण टोक आता पिकल्या चिंचेच्या गरासारखं दिसतंय. चकाकी मला आवडते हे मी आधीच सांगितलं. ती तिथे असू दे, तिथे ती कुणाला अडवत नाही.

तेलाची पाठ दर वर्षी मागणी करणार हे मी जाणून आहे. पावसाळ्याच्या तोंडाशी आणि थंडीत दांडीचा बाक सांभाळणाऱ्या आतल्या सळईला पाव फेरा द्यावा लागेल. दिवाळीत एकदा तेलाचा हात. उन्हाळ्यात केसमध्ये ओल्या स्पंजची डबी. पीयू देऊन सोळा वर्षं विसरून जाता आलं असतं, आणि तेच तर मी केलं होतं. टवका उडाला तेव्हा त्या कवचाला मला काहीच करता आलं नाही. तेलाला करता येतं. ओरखडा पडला तर तेवढीच जागा ४०० ने घासायची, बोटावर तेल घ्यायचं, चोळायचं. नवं आणि जुनं कुठे जुळलं ते दिसत नाही.

एक गोष्ट मात्र कुणी हे करणार असेल तर मी हात धरून सांगेन. तेलाचा बोळा किंवा फडकं चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. तेल वाळताना उष्णता सोडतं. फडकं मोकळं पसरलेलं असेल तर ती निघून जाते, गोळा केलेलं असेल तर आतल्या आत साठत जाते आणि फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. लातूरच्या उन्हाळ्यात, पत्र्याच्या खोलीत, तर विचारूच नका. माझं फडकं म्हणजे आजीच्या जुन्या सुती लुगड्याचा तुकडा. काल रात्री तो पाण्यात बुडवून, पिळून गच्चीच्या तारेवर पसरला. सकाळी पुठ्ठ्यासारखा कडक झाला होता.

मामांनी फोनवर विचारलं, किती हात देणार. मी म्हटलं, चार. ते म्हणाले, "तेल प्यायचं थांबलं की ती सांगंल. तू मोजू नको." मोजायची सवय मोडणं मला कठीण आहे, पण बघते.

सप्ताहाला यंदा आठ दिवस रजा टाकली आहे. मागच्या वर्षी दुपारच्या पहाऱ्याला दोन बाया उभ्या होत्या, एक आमच्या गल्लीतली, माझ्याच वयाची. मी समोर बसून ऐकलं, उठून काही बोलले नाही. वीणा खांद्यावर घेताना तिचा हात आपोआप त्या वीतभर जागेवर गेला, ते मात्र मी नीट पाहिलं.

साडेसहा होत आले. ऊन कठड्यावरून उतरलंय. आता वर जाते. लुगड्याचा नवा तुकडा, वाटीत चमचाभर तेल. सगळ्या पाठीला एकदम लावायचं, वीस मिनिटं थांबायचं, आणि मग पुसून काढायचं, वर काही उरणार नाही इतकं.